काचेवरचा कागद

"माल कुठाय?"

शोकेसच्या मागच्या बुटक्या दारातून नाना मगदूमांचं डोकं आत आलं. डोकंच. बाकीचे नाना त्या दारात मावत नसत. मी आत अनवाणी मांडी घालून बसले होते, ओठांत टाचण्या धरून. रस्त्याकडच्या काचेला आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली, त्यामुळे भर दुपारी आत हळदीसारखा पिवळा उजेड होता.

टाचण्या तळहातावर काढून मी म्हटलं, "हा काय, समोर."

"मला तर रुमाल दिसायलेत."

"रुमालांखाली आहे."

नानांनी मान वळवून सगळीकडे पाहिलं. लाकडी पायऱ्या, प्रत्येक पायरीवर एक छोटा उंबरठा, उंबरठ्याशी बोटभर रांगोळी आणि तिच्यापाशी एक पितळी ताट. प्रत्येक ताटावर क्रोशाचा रुमाल, कडेला मणी ओवलेला. फक्त एका ताटाचा रुमाल कोपऱ्यात जरासा दुमडला होता आणि तिथून एका चकलीची कड दिसत होती. बास, तेवढीच.

"मॅडम, वडिलांपासून आम्ही फराळ विकतोय. माल झाकून विकणारं माणूस सांगलीत अजून बघितलं नाही."

"मीही नाही बघितलं. म्हणून तर केलं."

"चेष्टा करू नका ओ. समोर त्या उगारेनं काय केलंय बघा जावा. मोतीचुराचा किल्ला! चकल्यांची चाकं लावून तोफा, वर अनारशांचा बुरूज. पोरं हटेनात तिथनं. आणि आमच्याकडं काय, तर सोवळ्यातलं जेवण!"

"दिवाळीत तुमच्या घरचं ताट शेजारी जातं, ते उघडं जातं का, नाना?"

"ते घर झालं. हे दुकान आहे."

"ताट आलं की शेजारीण पहिल्यांदा काय करते?"

"काय करते?"

"रुमालाचा कोपरा उचलून बघते."

नाना गप्प झाले. पण पटल्यामुळे नव्हे, शिंक आल्यामुळे. ती देऊन झाल्यावर म्हणाले, "हे असलं पुण्यात चालत असंल. दिवेलागणीला कागद निघणार. तोवर रुमाल उचला नि लाडवाचे मनोरे रचा. नाहीतर मी माणसं आत घालून रचून घेतो. आणि मग मिरजेच्या दुकानाचं विसरायचं."

डोकं बाहेर गेलं. दार तसंच उघडं राहिलं.

मिरजेचं दुकान विसरणं मला परवडणारं नव्हतं. पैशांबद्दल म्हणत नाही मी. कमर्शियल आर्ट शिकून मी पुण्यात कपड्यांच्या दुकानांच्या काचा सजवत असे. लग्न होऊन सांगलीला आले, मग जुई झाली, आणि काचा सुटल्या त्या सुटल्याच. रस्त्याने जाताना एखाद्या दुकानात बरण्या वेड्यावाकड्या मांडलेल्या दिसल्या की माझी बोटं वळवळायची. नानांना दुकानाला नवी काच बसवताना पाहिलं आणि जुईला कडेवर घेऊन मी तशीच आत शिरले, काम मागितलं. नाना म्हणाले, दिवाळीची काच करून दाखवा. जमली तर मिरज आणि जयसिंगपूरची दुकानंही तुमचीच.

घरी ठरलं ते असं: जमलं तर मी हे करत राहायचं. नाही जमलं तर पाडव्यानंतर सासऱ्यांच्या मित्राच्या पतसंस्थेत रुजू व्हायचं. "खुर्ची आहे, डोक्यावर पंखा आहे," हेमंत म्हणाला. हेमंत माझा नवरा. कुठल्याही वादात तो फर्निचरची बाजू घेतो.

सासूबाईंची अट मात्र एकच होती. आत काम करताना काचेला कागद लावायचा. आमच्या धंद्यात तसाही तो रिवाज असतो, अर्धवट मांडणी कुणी लोकांना दाखवत नाही. म्हणून मी पटकन हो म्हटलं. अट का, हे विचारलं नाही.

जुई तेव्हा दीड वर्षाची होती आणि खात नव्हती. वाटी समोर आली की ओठ घट्ट मिटायची. डॉक्टर म्हणाले, वजन थोडं कमी आहे, पण काळजी करू नका. काळजी करू नका म्हटल्यावर बाई काय करते, हे डॉक्टरांना कुणी शिकवलेलं नसावं. मी अंघोळ घालताना तिच्या बरगड्या चाचपायची, झोपेत तिच्या नाकापुढे बोट धरायची. आणि ही पोरगी भरवायला गेलं की तोंड फिरवायची, नंतर लुटुलुटु स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांवरची झाकणं काढत बसायची. झाकणं खणखणली की सासूबाई बाहेरून ओरडायच्या, "रेवती, तुझी लेक!"

त्यांचं निदान डॉक्टरांहून वेगळं होतं. दृष्ट. रोज तिन्हीसांजेला त्या जुईवरून मीठ-मिरच्या उतरवून जाळायच्या. ठसका लागला तर दृष्ट नाही. नाही लागला तर लागलेली आहे. नानांचं काम मी घेतल्यापासून आमच्या घरात कुणालाच ठसका लागला नव्हता.

"बघितलंस?" त्या म्हणायच्या. "मिरच्या जळून कोळसा झाल्या, कुणी साधं खाकरलं नाही. दिवसभर ज्याच्यावर लोकांच्या नजरा, तिथे तू. आणि तिथून येऊन त्याच हातांनी पोरीला भरवणार. कशी खाईल ती?"

"मिरच्या जुन्या असतील, आई."

"मिरच्यांना नावं ठेवू नकोस."

तर अशी सगळी परिस्थिती, आणि मी त्या पिवळ्या उजेडात बसलेली. बाहेर धनत्रयोदशीची गर्दी. कागदामागून सावल्या थांबत, नाक काचेला लावून आत काय चाललंय ते बघू पाहत, आणि पुढे जात.

मालनमावशी चहा घेऊन आल्या. मावशी मागच्या भट्टीवर चकल्या पाडायच्या आणि दुकानातल्या सगळ्या बातम्या त्यांच्याकडेच तळून निघायच्या.

"वहिनी, तिकडं लाडवाच्या पराती भरायला लागलेत बरं का. दोघं गडी घेऊन येणार हायत नाना."

"येऊ देत."

"काय करशीला?"

"बसेन."

"मी काय म्हणते, थोडं तुमचं, थोडं त्यांचं करा की. अर्धे रुमाल काढा."

"अर्धा झाकलेला डबा कसा दिसतो मावशी?"

मावशींनी विचार केला. "खाऊन झालेला दिसतो," त्या म्हणाल्या, आणि कप उचलून निघून गेल्या.

तेवढ्यात फोन वाजला. हेमंत.

"जुईने सकाळपासून तोंडात काही घेतलं नाहीये."

"दूध?"

"थुंकून टाकलं. ताप वगैरे नाही, खेळतेय. पण आई म्हणतेय आता बास झालं. रिक्षा केली आहे तिने. तुला न्यायला येतेय, जुईला घेऊन."

"तू थांबवलं नाहीस?"

"रेवती, मी ऑफिसात आहे. आणि खरं सांगू का, पतसंस्थेत निदान—"

"पंखा आहे. माहितीये."

फोन ठेवला आणि पुन्हा काम हातात घेतलं. रुमालाचा मणी धरावा तर तो बोटांतून निसटायचा. ओढणी कमरेला बांधून उठले, पुन्हा बसले. आत्ता उठून घरी गेले असते तर कुणी मला काही बोललं नसतं. उलट शहाणीच म्हटलं असतं.

नाना आले ते लाडवांची परात पुढे करूनच. मागे दोन गडी, त्यांच्याही हातांत पराती.

"सरका मॅडम."

मी उठले आणि त्या बुटक्या दारात, उंबऱ्यातच, आडवी बसले. पाठ एका चौकटीला, पाय दुसऱ्या चौकटीला.

"हे काय?"

"मला उचलून बाहेर ठेवा. मग रचा मनोरे."

गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं. परक्या बाईला हात कोण लावणार? नानांचा चेहरा मोतीचुराच्या रंगावर गेला.

"दुकान माझं आहे ओ!"

"काच माझी आहे. आजच्या दिवसापुरती तुम्हीच दिलीत. उद्या आपटी खाल्ली तर माझं नाव सांगा सगळ्यांना, माझा फोटो लावा इथे. पण आज कुणी आत येणार नाही."

"बाईमाणूस म्हणून गप बसलोय मी!"

"नका बसू."

मी आयुष्यात कुणाशी असं बोलले नव्हते. कॉलेजात तोंडी परीक्षेला माझा आवाज फुटायचा नाही. आणि आता तो फुटत होता, चांगला मागच्या भट्टीपर्यंत ऐकू जाईल इतका. तिथला झाऱ्याचा आवाज थांबला होता.

त्याच वेळी गड्यांना बाजूला सारत सासूबाई आल्या. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, कडेवर जुई. जुईच्या गालावर काजळाची तीट, आज नेहमीपेक्षा मोठी, पावलीएवढी.

"रेवती, ऊठ. घरी चल."

जुईने मला पाहून दोन्ही हात पसरले आणि भोकाड पसरलं. मी आधी लोहचुंबक घेऊन आतली फळी पुसून काढली, एकही टाचणी राहू नये म्हणून. मग तिला आत घेतलं. छातीशी आली आणि गप्प झाली. हलकी लागली मला, फारच हलकी.

सासूबाई वाकून आत पाहत होत्या. त्यांची नजर एका रुमालावर थांबली, मग दुसऱ्या.

"हे तुझ्या रुखवतातले."

"हो."

"माझ्या कपाटात होते."

"किल्ली पोह्यांच्या डब्यामागे असते, आई."

"मळतील म्हणून ठेवले होते मी."

माझ्या आईने विट्याला, माहेरच्या घरी दुपार-दुपार बसून विणले होते ते. एकदाही कुठल्या ताटावर पडले नव्हते.

"बघा की आजी," नानांना आता आपल्या बाजूचं माणूस मिळालं. "तुमचेच रुमाल. तुम्हीच समजवा सुनेला. माल दिसला पाहिजे का नको? हे असं—" म्हणत त्यांनी माझ्या डोक्यावरून हात लांब केला आणि जवळच्या ताटाचा रुमाल चिमटीत धरला.

"अहो!"

सासूबाईंचा आवाज इतका चढला की एका गड्याच्या परातीतला लाडू घरंगळला.

"हात काढा आधी. कुणाकडे निघालेलं ताट मध्येच उघडतात का? तुमच्या घरी असं करतात?"

"नाही, पण हे—"

"मग सोडा. मणी तुटतील."

नानांनी सोडला. हात धोतराला पुसून मागे घेतला. मला हसू येत होतं, पण ते टिकलं नाही, कारण सासूबाई आता माझ्याकडे वळल्या होत्या. खाली बसल्या माझ्यासमोर. आवाज उतरवून म्हणाल्या, "कागद निघायच्या आत बाहेर ये."

"ताटं तर झाकलेली आहेत, आई. आता कशाला दृष्ट लागणार?"

"ताटांचं कोण बोलतंय?"

"तुम्हीच. रोज."

"मी ताटांचं कधीच बोलले नाही." त्या आजूबाजूला बघून अजून हळू बोलू लागल्या. "तू बसतेस काचेत. पेठेच्या तोंडाला. येणारा-जाणारा थांबून बघणार. कुणीही. आपल्या घरची सून काचेत ठेवल्यासारखी. मी कधी दुकानाच्या पायरीवरही टेकले नाही गं. बाईवर एवढ्या नजरा पडल्या की ते सगळं तिच्या पोरीला लागतं. म्हणून कागद लाव म्हटलं. ताटांना काय धाड भरलीये?"

त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. भीती होती. माझ्याच डोळ्यांत रोज सकाळी आरशात दिसायची, अगदी तीच. त्यामुळे जास्त अवघड झालं. रागावलेल्या माणसाला उत्तर देता येतं.

बाहेर दुकानांचे दिवे लागू लागले. पिवळ्या कागदावर लाल-निळे ठिपके उमटले.

मी जुईला मांडीवरून फळीवर ठेवलं, काचेपाशी गेले, वर्तमानपत्राची कड नखाने सोडवली आणि ओढली. एका दमात निघेना. खळ वाळली होती. मी दोन्ही हातांनी ओरबाडला. मागून "रेवती!" ऐकू आलं. मी थांबले नाही.

सगळ्यात आधी दिसला तो समोरचा मोतीचुराचा किल्ला. मग चेहरे. पिशव्या घेतलेल्या बाया, स्कूटरवर पाय टेकून थांबलेली माणसं, कॉलेजची पोरं, सगळ्यांनी माना वळवलेल्या. आणि सासूबाई म्हणाल्या होत्या ते खरं होतं. ताटांकडे कुणी पाहतच नव्हतं. माझ्याकडे पाहत होते. केस विस्कटलेले, कुर्त्यावर खळीचे डाग, हातात फाटका कागद. एक पोरगा दुसऱ्याला कोपर मारून काहीतरी म्हणाला आणि दोघं हसले.

माझा हात आपोआप ओढणीकडे गेला. ती कमरेला होती. तिथेच राहू दिली. कागदाचा बोळा करून मागे टाकला आणि मधल्या पायरीशी खाली बसले, रस्त्याकडे तोंड करून. त्या पोराकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघायला लागेपर्यंत पाहिलं.

तेवढ्यात काच झाकली गेली. सासूबाई दुकानाला वळसा घालून बाहेर आल्या होत्या आणि काचेला पाठ लावून, पदराचे दोन्ही काठ हातांत पसरून, माझ्यासमोर उभ्या राहिल्या होत्या.

मी जुईला उचललं आणि डाव्या अंगाला सरकले. खांद्यावरून मागे बघत त्याही सरकल्या. मी उजवीकडे गेले, तर पाठही उजवीकडे आली. रस्त्यावर हशा पिकला. "आजी, बाजूला व्हा की!" कुणीतरी ओरडलं. त्या हलल्या नाहीत. मीही थांबले नाही, पुन्हा डावीकडे गेले. या धांदलीत जुई माझ्या हातातून सुटली.

ती खालच्या पायरीशी गेली आणि फतकल मारून बसली. समोरच्या रुमालाचे मणी तिने हलवून पाहिले. ते वाजले. पुन्हा हलवले. मग दोन बोटांत कड धरून रुमाल उचलला, अगदी घरच्या भांड्यांचं झाकण उचलायची तसा, आणि मान तिरकी करून आत पाहिलं.

शंकरपाळ्या होत्या.

तिने एक घेतली. उलटीसुलटी केली. तोंडात घातली.

बाहेरचा हशा थांबला होता. तिने चावली. गिळली. मग हात घातला आणि मूठ भरून घेतली.

"अगं बाई, काय गं आहे त्यात?" काचेपलीकडून एका बाईचा आवाज आला. ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकली, मान वाकडी करून रुमालाखालून पाहू लागली. तिच्या शेजारची वाकली. एका पोराने चकलीच्या दुमडलेल्या कोपऱ्यासमोर नाक चेपलं. "कुणाकडून आलंय ताट?" मागून कुणीतरी विचारलं, आणि कुणीतरी उत्तरही दिलं, "मगदूमांकडून!"

सासूबाई वळल्या. जुईला पाहिलं. दोन्ही गाल फुगलेले, तीट पसरून हनुवटीपर्यंत आलेली, आणि अख्खी पेठ बघतेय. त्यांनी बोटांनी काच वाजवली. आत घे तिला, म्हणून हाताने खूण केली.

मी मान हलवली. नाही.

त्यांनी पुन्हा वाजवली. मी पुन्हा मान हलवली आणि जुईच्या पुढ्यात ताट सरकवलं.

मग त्या काचेला तोंड लावून, सगळ्या गर्दीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "पाणी दे तिला! कोरडं खातेय!"

मागे गल्ल्यावर कुणीतरी गिऱ्हाईक नानांना सांगत होतं, "ते काचेतलं द्या."

"काचेतलं कुठलं?"

"झाकलेलं ते."

"झाकलेलं म्हणजे काय देऊ? चकली, अनारसे, चिवडा?"

"काय असंल ते द्या ओ. रुमालासकट द्या."

"रुमाल मिळणार नाहीत!" सासूबाई बाहेरून म्हणाल्या.

घरी पोहोचल्यावर सासूबाईंनी पाय धुतले आणि तडक मीठ-मिरच्या घेतल्या. आज जुईवरून उतरवल्या, आणि मग, मला काही कळायच्या आत, माझ्यावरूनही. गॅसवर टाकल्या. क्षणभर काही झालं नाही. आणि मग असा ठसका उठला की हेमंत शर्टाने नाक दाबून गॅलरीत पळाला, सासरे दुसऱ्या खोलीतून खोकू लागले, जुई शिंकली आणि आपल्याच शिंकेला हसली.

सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पदराने ते पुसत त्या म्हणाल्या, "मिरच्या नवीन आणल्यात."

"आणल्या असतील," मी म्हटलं.

जुई आता तिसरीत आहे. समोर येईल ते खाते, झाकलेलं असेल तर आधी. मी मिरजेची काच केली, जयसिंगपूरची केली, मग कोल्हापूरच्या बेकऱ्या, लोणच्याची दुकानं. हाताखाली आता तीन मुली आहेत. नव्या काचेत शिरलो की त्यांच्यातली एखादी खाकी कागदाचा रोल काढते आणि विचारते, "मॅडम, लावू?" रोल तसाच परत गाडीत जातो.

परवा वसुबारसेला सासूबाईंचा फोन आला. मी आत मांडी घालून बसले होते. बाहेर चार-सहा माणसं उभी.

"कुठे आहेस?"

"इचलकरंजीला. काचेत."

"कागद लावलायस का?"

"नाही."

पलीकडे डब्याचं झाकण काढल्याचा आवाज.

"बरं. मिरच्या काढून ठेवते."

"ठेवा," मी म्हटलं, फोन खाली ठेवला, आणि रस्त्याकडे तोंड करून पहिलं ताट मांडायला घेतलं.